चौथा निंब हिरवा का राहिला

१

शुक्रवारी चर्चमधल्या मिसाहून परत आलो तर खदिजाबाई आमच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात कडुनिंबाची वाळकी डहाळी होती. घरमालकीण सकाळी सकाळी स्वतः भाडेकऱ्याच्या दारात येते, तेव्हा काही चांगलं घडणार असतं, असा माझा अनुभव नाही.

ही ब्याऐंशी सालातली गोष्ट. बहारीनमधल्या मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे बैठ्या घरांची एक ओळ होती. ती खदिजाबाईंच्या नवऱ्याने बांधलेली, आणि आम्ही सगळे त्यांचे भाडेकरू. ओळीसमोर चार कडुनिंब होते. नवरा व्यापारासाठी मुंबईला जायचा, तिथून एकदा रोपं घेऊन आला होता. तो गेला, झाडं राहिली. पुढे गल्लीने त्यांच्या पाण्याची पाळी लावून घेतली, रोज एकेका घराची. बहारीनच्या उन्हाळ्यात दारात खुर्ची टाकून बसता येईल एवढी सावली दुसऱ्या कुठल्याच गल्लीत नव्हती, म्हणून पाळीला कुणी कुरकुर करत नसे. मी करायचो, पण मनातल्या मनात.

आता त्या चारांतली तीन झाडं वाळत चालली होती. एप्रिल-मे म्हणजे निंबाच्या मोहराचे दिवस. आमच्या दारात मात्र रोज वाळलेल्या पानांचा खच पडत होता.

खदिजाबाईंना उत्तम हिंदी यायची, नवऱ्याच्या मुंबईच्या कृपेने. "फ्लोरी, ये झाड अपने आप नहीं मरा है," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "किसीने मारा है. और मेरे को मालूम है किसने."

गनीने, असं त्यांचं म्हणणं होतं. शेजारच्या कमालने त्याला पहाटे झाडाच्या बुंध्याशी फावडं घेऊन वाकलेला पाहिला होता. काय करतोस म्हणून विचारलं तर गनी उत्तर न देता घरात निघून गेला. गनी रत्नागिरीकडचा, सुतार, शेवटच्या खोलीत राहणारा. खदिजाबाईंचा पुतण्याच त्याचा स्पॉन्सर होता. बाईंनी एक शब्द टाकला असता, तर गनीचा व्हिसा रद्द होऊन तो बायकोसकट पुढच्या विमानात बसला असता. बायको नसीमा आठव्या महिन्यात होती आणि तिचं नाव हॉस्पिटलात फ्लोरीच्याच वॉर्डात घातलेलं होतं.

फ्लोरीने बाईंना आत बसवलं, चहा दिला आणि पुढच्या शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली. बाईंनी ती दिली. जाताना मात्र म्हणाल्या की शुक्रवारी नाव कळलं नाही तर त्या पुतण्याला बोलावणार.

२

फ्लोरी सरकारी हॉस्पिटलात सिस्टर. पेशंट खोटं बोलतोय हे तिला नाडी धरल्याबरोबर कळतं आणि नवरा खोटं बोलतोय हे नाडी न धरता. तिने झाडंही पेशंटसारखीच तपासायला घेतली, आणि मी मागे उभा राहून उगाच घाबरत राहिलो.

पानं टोकाकडून करपत होती, मग कडा, मग अख्खं पान गळत होतं. खोडावर घाव नव्हता, कीड नव्हती, रॉकेलचा वास नव्हता. बुंध्यापासून हातभर दूर मात्र माती गोल उकरून पुन्हा नीट बसवलेली होती आणि वर वाळका पाला पसरलेला होता. खदिजाबाईंची शेळी तो पाला बाजूला सारून माती चाटत होती. मी तिला हाकललं, ती परत आली. फ्लोरी त्या शेळीकडे बराच वेळ बघत राहिली.

चौथं झाड होतं विल्फ्रेडच्या दारात. ते हिरवंगार, मोहराने भरलेलं. त्याच्याही बुंध्याभोवती तसाच गोल आणि तसाच पाला होता.

माझे वडील, पप्पा, आमच्याबरोबर फिरत होते. पॉल त्यांचं नाव, पण गल्लीभर सगळेच त्यांना पप्पा म्हणायचे. मागच्या वर्षी आई गेली आणि मी त्यांना वसईहून घेऊन आलो. तिकडे त्यांची वाडी होती, नारळ, केळी, पानवेली. इथे आल्यावर पहिले काही महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून असत. मला भीती वाटायची की मी माणूस आणलाय की त्याची हाडं. मग या झाडांनी त्यांना उठवलं. आमची पाळी त्यांनी घेतली, मग दुसऱ्यांच्याही पाळ्या मागून घेऊ लागले. ते पुन्हा जेवू लागले, बाजारात येऊ लागले. मासळीबाजारातून सुरमई खारवायची म्हणून जाड्या मिठाच्या पिशव्या आणायचे. खारवलेली सुरमई काही अजून माझ्या ताटात आली नव्हती, पण बाप हसतोय म्हटल्यावर मी विचारायच्या भानगडीत पडलो नाही.

त्या दिवशी मात्र ते एकेका झाडाला हात लावून नुसते उभे राहत होते. "माती खराब हाय रे इथली," ते म्हणाले. "झाड खातं, पन अंगाला लागत नाय."

घरी आल्यावर मी फ्लोरीला म्हटलं की ज्याचं झाड वाचलं तोच चोर. सरळ हिशोब आहे. ती म्हणाली, "असं असेल तर त्याने आपल्या झाडाभोवती कशाला उकरलं?"

३

विल्फ्रेड मूळचा वांद्र्याचा, एका हॉटेलात बारवर कामाला. गल्लीचं आणि त्याचं एकाच कारणावरून भांडण होतं, ते म्हणजे त्याची जुनी टोयोटा. रोज ड्यूटीवर जाण्याआधी तो पाइप लावून ती धुवायचा आणि सगळं पाणी वाहून त्याच्या दारातल्या आळ्यात साचायचं. बाकीचे बादलीने मोजून पाणी घालायचे आणि हा गाडीला अंघोळ घालतो, यावर कमालने एकदा त्याची कॉलर धरली होती.

फ्लोरीने त्याला झाडांबद्दल विचारलं तेव्हा तो आधी चिडला, मग कबूल झाला. निंबाचा चिकटा गाडीवर पडतो, वर कावळे बसतात, म्हणून ही झाडं तोडा असं त्याने खदिजाबाईंना खरंच सांगितलं होतं. पण मारायचं असतं तर आधी स्वतःच्या दारातलं मारलं असतं, असं त्याचं म्हणणं. बुंध्याभोवती कोण उकरतं हे त्याला माहीत नव्हतं. त्याला नारळ आणि निंब यांतला फरक तरी माहीत होता की नाही, कोण जाणे.

कमालचं प्रकरण वेगळं. बाजारात त्याचं रंगाचं दुकान, घरात थिनरचे डबे. वाळणाऱ्या तीन झाडांपैकी मधल्याच्या फांदीने त्याच्या नव्या व्हॅनवर ओरखडा काढला होता आणि त्यानंतर महिन्याभरात तेच झाड सगळ्यांत आधी वाळलं. गनीचं नाव बाईंकडे नेणाराही तोच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

पण फ्लोरीने त्याला एकच विचारलं. गनी वाकला होता तेव्हा त्याच्या हातात फावड्याशिवाय काय होतं? कमालने आठवून पाहिलं. म्हणाला, एक डबा होता. वाकला तेव्हा रिकामा वाजला. उठला तेव्हा मात्र तो दोन्ही हातांनी उचलून नेत होता.

फ्लोरी उठली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "झाडाला विष घालणारा भरलेला डबा आणतो आणि रिकामा नेतो. याने उलट केलं."

४

गनी बोलायला तयार नव्हता. दारातच उभा राहिला, हातात रंधा, नजर जमिनीवर. त्याला पुढे काय होऊ शकतं ते फ्लोरीने सांगितलं. पुतण्या, व्हिसा, विमान. नसीमाची अवस्था तर त्याच्या डोळ्यांसमोरच होती. तो घामाने भिजला होता, पण ढिम्म हलेना.

"भाभी, अल्लाची कसम, झाडांचा मी काय बी वाईट केला नाय," तो म्हणाला. "पन तिथं काय करत व्हतो ता नाय सांगायचा मी."

मला त्याचा राग आला. माणूस स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेतो आणि वर गाठ आपणच आवळतो, याला काय म्हणायचं? मी तसं बोलून दाखवलं. तो माझ्याकडे इतक्या विचित्र नजरेने बघायला लागला की मीच गप्प झालो. त्या नजरेत राग नव्हता. कीव होती, आणि ती माझ्याबद्दल होती. मला त्याचा अर्थ लागेना.

फ्लोरी नसीमाचा रक्तदाब बघायला म्हणून आत गेली. मागच्या न्हाणीजवळ तिला एक डबा दिसला, मातीने शिगोशिग भरलेला. तिने चिमूटभर माती उचलली. नसीमा घाईने म्हणाली की ती कुंडीसाठी आहे. घरात कुंडी एकही नव्हती.

बाहेर आल्यावर फ्लोरीने मूठ उघडली. मातीत पांढरे जाडे खडे होते. तिने एक खडा जिभेवर ठेवला.

मी ओरडलोच, विष असलं तर? ती शांतपणे म्हणाली, "मीठ आहे, ऑगस्टीन. शेळीला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

५

गुरुवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसून विचार करत होती आणि मी येरझाऱ्या घालत होतो. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती.

तिने एकेक गोष्ट सांगायला सुरुवात केली. ज्याला झाड मारायचं असतं तो बुंध्यात ओततो आणि पळतो. तो बुंध्यापासून हातभर दूर, जिथे मुळं खातात तिथे, गोल चर काढत बसत नाही आणि ओल टिकावी म्हणून वर पाला घालत नाही. हे मारणं नव्हे, हे खत घालणं. घालणाऱ्याने चारही झाडांना त्याच पद्धतीने घातलं. विल्फ्रेडचं झाड त्याने वगळलेलं नाही, ते टोयोटाच्या पाण्याने वाचवलं. रोज पाइपभर पाणी पडून तिथलं मीठ खाली वाहून गेलं. बाकीच्यांना बादली बादली पाणी, तेवढ्याने मीठ विरघळलं आणि मुळांशीच राहिलं. आणि झाड जसं पिवळं पडत गेलं तसं मीठ वाढत गेलं असणार, कारण मधल्या, सगळ्यांत आजारी झाडाखाली ते सगळ्यांत जास्त आहे, मी माती चाखून पाहिली.

"मीठ हे खत?" मी म्हटलं. "असं कोण करतं?"

"नारळाला करतात," ती म्हणाली. "समुद्रकाठचे लोक. नारळ पिवळा पडला की आळ्यात जाडं मीठ घालतात. कमाल मुंबईच्या डोंगरीत वाढला, विल्फ्रेड वांद्र्यात, त्यांना हे माहीत असायचं कारण नाही. गनीला माहीत असेल. पण गनी मीठ काढून नेत होता. ज्याने घातलं त्याला सांगायची गनीची हिंमत झाली नाही, म्हणून तो गुपचूप काढत होता."

ती थांबली. माझ्याकडे बघेना. मी तिला विचारणार होतो की मग राहिलं कोण, आणि तेवढ्यात मला माझं ताट आठवलं. ज्या ताटात ती सुरमई कधीच आली नाही, ते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पलीकडच्या खोलीत पप्पा उद्याच्या पाळीसाठी बादली विसळत होते आणि काहीतरी गुणगुणत होते.

मी फ्लोरीला म्हटलं की हे सांगायचं नाही. तो माणूस या झाडांवर जगतोय. त्याला कळलं की त्यानेच ती मारली, तर तो परत भिंतीकडे तोंड करून पडेल आणि या वेळी उठणार नाही. ती म्हणाली, "आणि नसीमा?" आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष कुणाला देणार? त्या रात्री मला झोप लागली नाही.

६

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर खदिजाबाईंच्या अंगणात सगळे जमलो. बाई पलंगावर, शेजारी त्यांचा पुतण्या, आलेला आणि तयार. गनी खांबाशी उभा, नसीमाला बसायला खुर्ची दिलेली. विल्फ्रेड, कमाल, आम्ही. पप्पाही आले होते. त्यांना हिंदी फार येत नसे, पण झाडांची बैठक म्हटल्यावर ते घरी कसे बसतील?

फ्लोरी हिंदीत बोलली. पानांची टोकं, शेळी, चर, पाला, टोयोटा, सगळं सांगत गेली. गाडीच्या पाण्याने झाड वाचलं म्हटल्यावर विल्फ्रेडची छाती फुगली आणि कमालने तोंड फिरवलं. गनी मीठ घालत नव्हता, काढत होता, हेही तिने सांगितलं. मग तिचा आवाज अडखळला. नाव तिच्या तोंडातून निघेना.

पुतण्या म्हणाला, ठीक आहे, काढत असेल, पण मग घातलं कोणी?

गनी खांबापासून पुढे झाला. "खलास, भाभी, आता पुरे," तो म्हणाला, आणि पुतण्याकडे वळला. "नमक मैंने डाला. बाद में डर गया, तो निकालने लगा."

नसीमाने तोंडावर पदर धरला. फ्लोरीने माझ्याकडे बघितलं. सगळं इथेच मिटत होतं. मी गप्प राहिलो असतो तर माझा बाप वाचला असता.

पप्पांनी माझ्या दंडाला धरलं. नमक एवढा एक शब्द त्यांना कळला होता. "काय म्हनतो रे तो?"

त्या क्षणाइतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. बापाच्या तोंडाकडे बघितलं, मग नसीमाच्या पोटाकडे. "पप्पा," मी म्हटलं, "तो म्हणतो, झाडांना मीठ त्याने घातलं."

पप्पा हसले. खरोखरच हसले. "तो कशाला खोटं हांकतो? मीठ मी घातलं. चारीबी झाडांना, माझ्या हातानं. पिवळी पडली तसं वाढवत गेलो. नसतं घातलं तर कवाच गेली असती."

पप्पा अभिमानाने सगळ्यांकडे बघत होते आणि बघता बघता त्यांचं हसू ओसरत गेलं. एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरली आणि शेवटी फ्लोरीवर येऊन थांबली. ती त्यांच्या पायाशी बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात मराठीत सांगितलं. वाडीत मिरगापासून पाऊस पडतो, जास्तीचं मीठ धुऊन नेतो, म्हणून नारळाला ते सोसतं. इथे ते जिथे घातलं तिथेच राहिलं.

पप्पांनी हात तिच्या हातातून सोडवून घेतला.

खदिजाबाईंनी म्हातारा काय म्हणतो ते विचारलं. मी सांगितलं, एकही शब्द न गाळता. बाईंनी पप्पांकडे बघितलं. नवऱ्याने लावलेली झाडं होती ती, त्यांना संतापायचा हक्क होता.

"बाबा," त्या शेवटी म्हणाल्या, "आपके गाँव में बारिश कितना?"

पप्पांनी हात छातीपर्यंत वर नेऊन दाखवला, एवढा.

"इधर मफी, बिल्कुल नहीं," बाई म्हणाल्या. मग पुतण्याकडे वळून अरबीत काहीतरी बोलल्या. तो उठला, गनीच्या खांद्यावर थाप मारली आणि निघून गेला.

७

फ्लोरीच्या सांगण्यावरून गल्लीने चर उकरून वरची माती फेकली आणि आठवडाभर पाइप लावून तिन्ही आळ्यांत भरभरून पाणी सोडलं. मधलं झाड गेलंच. ते गनीने कापलं. उरलेल्या दोन्हींवर तांबूस कोंब दिसायला लागले.

पप्पा मात्र बाहेर आले नाहीत. मला ज्याची भीती होती तेच झालं, भिंतीकडे तोंड. तिकीट काढ, मला वाडीवर जाऊ दे, एवढंच म्हणायचे. मी समजावून थकलो. जेवणाचं ताट तसंच परत यायचं आणि फ्लोरी स्वयंपाकघरात डोळे पुसायची. मला स्वतःचाच राग येत होता, गनीचाही, त्या झाडांचाही.

एका संध्याकाळी गनी आला. पप्पांच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्याने माफीची गोष्ट काढली नाही, झाडांचीही नाही. म्हणाला की नसीमाला हॉस्पिटलात न्यायचं आहे, कळा सुरू झाल्यात, आणि आज पाण्याची पाळी त्याची आहे.

"पप्पा, माझी पाळी तुमी कराल?"

पप्पा वळले नाहीत. मी मध्ये पडणार होतो की पाणी मी घालीन, तू जा, तिला घेऊन जा. फ्लोरीने माझा हात घट्ट धरून ठेवला. बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजत होता, तरी गनी जागचा हलला नाही. ज्या माणसापायी त्याच्यावर विमानात बसायची वेळ आली होती त्याच्याच हाती तो आपणहून झाडं सोपवत होता.

पप्पा हळूच उठून बसले. चपला शोधल्या, बादली घेतली, दारापर्यंत आले. वसईच्या वाडीत साठ वर्षं झाडं वाढवलेला तो माणूस, त्याने पाण्याबद्दल कधी कुणाला काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"किती घालू?" त्यांनी गनीला विचारलं.

गनीने सांगितलं आणि टॅक्सीकडे धावला. पप्पांनी मान हलवली, बाहेर गेले आणि त्याने सांगितलं होतं तेवढंच पाणी घातलं.